किती अध्याय वाचले ते नका सांगू

दर वर्षी जानेवारी उजाडला की विश्वासणाऱ्यांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो, आणि मार्च येईपर्यंत, म्हणजे साधारण सगळे लेवीय या बायबलच्या तिसऱ्या पुस्तकात अडकेपर्यंत, तो आपोआप विझतो. एका बाजूचे म्हणतात वर्षाला एकदा अख्खं बायबल वाचून व्हायलाच पाहिजे, रोजचे तीन-चार अध्याय, नाहीतर तू कसला ख्रिस्ती. दुसऱ्या बाजूचे म्हणतात हे सगळं परूश्यांचं, म्हणजे नुसत्या नियमांवर बोट ठेवणाऱ्यांचं काम, देवाशी नातं महत्त्वाचं, अध्याय मोजून कोणी स्वर्गात जात नाही. मग पहिले दुसऱ्यांना आळशी ठरवतात, दुसरे पहिल्यांना ढोंगी ठरवतात, आणि दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य असल्यामुळे वाद पुढच्या जानेवारीला पुन्हा ताजाच असतो. मला विचाराल तर दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. एक बाजू पानं मोजते, दुसरी मनाला कसं वाटलं ते मोजते. मोजायचंच असेल तर एवढंच विचारावं की वचनाने तुम्हाला शेवटचं कधी अडवलं? म्हणजे तुम्ही काहीतरी करायला निघाला होतात, किंवा एखादं मत घट्ट धरून बसला होतात, आणि वाचलेल्या एका ओळीमुळे थांबावं लागलं, असं कधी झालं होतं? आठवतच नसेल तर रोज दहा अध्याय वाचा नाहीतर एकही वाचू नका, आत्मिक वाढ दोन्हीकडे सारखीच.

हे मी कुठल्या पुलपिटवरून बोलत नाहीये. मी स्वतः ओळीने तीन वर्षं बायबल वाचनाचा प्लॅन पूर्ण केलाय, अ‍ॅपमध्ये एकही दिवस न चुकवता. त्यातल्याच एका वर्षी घराच्या वाटणीवरून माझं आणि दादाचं भांडण झालं, चांगलंच, बोलता बोलता फोन कट करण्यापर्यंत. त्याच रात्री प्लॅनमध्ये मत्तयाचा पाचवा अध्याय होता. तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. वाचलं, टिक केलं, झोपलो. झोपही छान लागली. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी उपासनेत तोच उतारा मोठ्याने वाचला गेला आणि एकदम लक्षात आलं की अरे, त्या रात्री माझे डोळे याच ओळीवरून गेले होते, 'भाऊ' हा शब्द सरळ समोर होता, आणि मला दादा आठवलासुद्धा नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो.

तरी प्लॅनवाल्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी मान्य करून टाकतो. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीन आणि वर थोडंसं. प्लॅन नसला की माणूस आवडीचं तेवढंच वाचतो. तेविसावं स्तोत्र, करिंथकरांसच्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय, रोमकरांसचा आठवा, झालं. दहा-दहा वर्षं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक उघडलेलं नसतं आणि त्याचं काही वाटतही नाही. हे आवडीचं वाचणं दिसायला निरुपद्रवी दिसतं, पण 1807 साली लंडनमध्ये काय झालं ते बघा. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलातले निवडक भाग छापले गेले. 1189 पैकी फक्त 232 अध्याय. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले तो भाग गायब. ख्रिस्तात दास नाही की स्वतंत्र नाही, हे गलतीकरांसमधलं वाक्य गायब. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे इफिसकरांसमधलं मात्र जागच्या जागी. वाचून आपल्याला संताप येतो, यायलाच पाहिजे. पण मग एकदा स्वतःच्या बायबलच्या कडा बघा ना, कुठली पानं बोटं लागून मळलीत आणि कुठली अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. कात्री लावली नाही म्हणून काम वेगळं झालं का? छापणाऱ्यांनी त्यांना गैरसोयीचं होतं ते दुसऱ्याच्या हातातल्या बायबलातून काढलं, आपण आपल्याच हातातल्यातून काढतो, एवढंच. म्हणून शास्त्र सगळं वाचायचं, नावडतंसुद्धा, यावर माझं दुमत नाही.

गंमत अशी की प्लॅनमध्ये काय चुकू शकतं हे विरोधकांच्या कितीतरी आधी प्लॅन बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. स्कॉटलंडमधल्या डंडीचा पास्टर रॉबर्ट मरे मॅकशेन याने 1842 च्या शेवटी आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं वाचन आखून दिलं, जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तेच वेळापत्रक आजही जगभर वापरलं जातं. पण त्याने ते देताना आधी धोके सांगितले आणि फायदे नंतर. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, वाचून झालं की स्वतःबद्दल उगाच समाधान वाटेल, घाईने वरवर वाचलं जाईल, आणि काहींना ते न पेलणारं जू होईल. चारही धोके, एकेक करून. पुढच्याच मार्चमध्ये तो वारला, वय फक्त 29. त्याचं वेळापत्रक आपण उचललं आणि इशारा तिथेच सोडून दिला. औषधाच्या बाटलीवरचं लेबल फाडून नुसता डोस घेत राहावा तसं काहीसं. आता तर अ‍ॅप रोज सांगतं की तुमचे सलग अमुक दिवस झाले, तुटू देऊ नका, आणि रात्री पावणेबाराला माणूस उठून यहेज्केलाचे तीन अध्याय अंगठ्याने सरकवतो, तुटू नये म्हणून. काय तुटू नये म्हणून?

सुट्या वचनांचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे आपल्याला वाटतं आपण वचनाच्या अगदी जवळ आहोत. यिर्मया 29:11 घ्या. माझ्या मनात तुमच्याबद्दल हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, भविष्याची आशा देणारे आहेत. फोनच्या वॉलपेपरवर, परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेल्या मेसेजमध्ये, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे. सुंदर वचन आहे, खरं वचन आहे. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकतो. लोकांना काय आवडलं असेल सांगायला नकोच. त्यावर यिर्मयाचं पत्र जातं की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, पोरंबाळं होऊ द्या, ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकत उभ्या असलेल्या चाळिशीच्या माणसाला कळलं की मी इथेच मरणार. आणि त्यानंतर येतं अकरावं वचन. आता सांगा, आपण हे वचन एकमेकांना पाठवतो तेव्हा यिर्मयाच्या आवाजात पाठवतो की हनन्याच्या? नोकरी लागेल, व्हिसा येईल, दोन वर्षांत सगळं मार्गी लागेल, हे तर हनन्याचं म्हणणं झालं.

त्यात एक बारीकशी गोष्ट आपल्या भाषेतलीच. 'तुमच्याबद्दल' वाचलं की आपल्याला वाटतं देव मला मानाने अहो-जाहो करतोय. मुळात ते अनेकवचन आहे, सगळ्यांना मिळून म्हटलेलं. प्रेषितांच्या पत्रांतले कितीतरी 'तुम्ही' असेच आहेत, पण मान आणि अनेकवचन यांचं रूप मराठीत एकच, त्यामुळे अख्ख्या मंडळीला लिहिलेलं पत्र एकट्याच्या पाकिटात पडतं.

आता दुसरी बाजू. नातं महत्त्वाचं म्हणणाऱ्यांना हसण्यावारी नेणं सोपं आहे पण त्यांच्याकडे दोन मुद्दे असे आहेत की प्लॅनवाल्यांकडून त्यांचं धड उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. पहिला मुद्दा इतिहासाचा. छापील बायबल साधारण 1455 मध्ये गुटेनबर्गकडून आलं, त्याआधीची चौदा शतकं आणि नंतरचीही बरीच, बहुतेक ख्रिस्ती लोकांना वाचताच येत नव्हतं, घरात शास्त्राची प्रत असणं तर दूरच. मग ते सगळे कच्चे ख्रिस्ती होते का? अँटनी नावाचा मिसरातला तरुण चर्चमध्ये गेला, तिथे वाचलं जात होतं की जा, तुझं असेल नसेल ते विकून दरिद्र्यांना दे, आणि हा बाहेर पडून जमीन देऊन मोकळा झाला. पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने 386 मध्ये मिलानच्या एका बागेत रोमकरांसच्या तेराव्या अध्यायातली दोनच वचनं वाचली आणि पुढे वाचायची गरज वाटली नाही असं तो स्वतः सांगतो. दुसरा मुद्दा खुद्द प्रभूचा. योहानाच्या पाचव्या अध्यायात तो शास्त्र कोळून प्यालेल्यांनाच म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता, तेच माझ्याविषयी साक्ष देतात, पण माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही. म्हणजे शास्त्र तोंडपाठ असून माणूस देवापासून लांब राहू शकतो. याला काय उत्तर देणार?

उत्तर मला असं दिसतं. त्या लोकांना वाचता येत नव्हतं हे खरं, पण ते ऐकत होते, आणि आपण वाचतो त्याच्यापेक्षा जास्त ऐकत होते. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो, त्यात प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तोवर वाचले जातात असं येतं. वेळ पुरेल तोवर! आपल्याकडे पाच वचनं वाचायची आणि चाळीस मिनिटं पास्टरांचं ऐकायचं. अँटनीने एकच वचन ऐकलं म्हणून आपण खूश होतो, पण पुढे तो जन्मभर वाळवंटात प्रार्थना आणि शास्त्राचं मनन करत राहिला हे सोयीने विसरतो. ऑगस्टीनने त्या दोन वचनांनंतर बायबल मिटून ठेवलं नाही, पुढे एकूण एक स्तोत्रावर विवेचन केलं. एका वचनाने आयुष्य बदललं ही साक्ष देणारे बहुतेक जण उरलेलं आयुष्य बाकीच्या वचनांत घालवतात, आपण मात्र साक्षीचा पहिला भागच सांगतो कारण तो छोटा आणि नाट्यमय आहे.

आणि 'आत्मा मला आतून सांगतो' याबद्दल तर मला जरा स्पष्टच बोलायचंय. सांगतो, मी नाकारत नाही. पण तो आवाज आत्म्याचा की माझ्याच इच्छेचा हे ओळखायचं कशावरून? दादाशी भांडलो तेव्हा मला आतून शंभर टक्के शांती होती. रानातल्या परीक्षेत सैतान येशूला एक्क्याण्णवावं स्तोत्र ऐकवतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, लिहिलंच आहे. वचन खरं, संदर्भ सुटलेला, आणि निष्कर्ष जीव घेणारा. त्यावर येशू काय म्हणतो? असंही लिहिलं आहे, की परमेश्वराची परीक्षा पाहू नको. या 'असंही' मध्ये सगळं आलं. ज्याला एकच वचन माहीत आहे त्याला 'असंही' म्हणता येत नाही. तीन परीक्षा आणि तिन्ही उत्तरं अनुवाद नावाच्या पाचव्या पुस्तकातून, म्हणजे ज्या पुस्तकापर्यंत आपला प्लॅन सहसा पोचतच नाही त्यातून. (लेवीय आणि गणना पार केलेल्यांनी रागावू नये.)

तिसरी एक मंडळी आहे, वाद न घालणारी, जी म्हणते आपल्याला कुठे एवढं कळतं, पास्टर सांगतील, फादर सांगतील. नम्रता बरी वाटते ऐकायला. पण पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीकशी झुंजत बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना स्वतः वाचून कळावं म्हणूनच ना? 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढं करून ते हातात आलं आणि आपण म्हणतो कळत नाही.

कळणं म्हणजे तरी काय, ते मला आमच्या मंडळीतल्या एका आजींनी शिकवलं. त्यांना अक्षरओळख नाही, नात रोज संध्याकाळी वाचून दाखवते, आणि नात पार वैतागते कारण आजी दर दोन ओळींनी म्हणतात, "थांब गं, परत वाच." मी गेलो होतो तेव्हा उत्पत्तीतली हागार चालू होती. रानात मसकीतलं पाणी संपलं, तिने पोराला झुडपाखाली टाकलं, मुलाचं मरण बघवणार नाही म्हणून लांब जाऊन बसली आणि रडायला लागली. नात पुढे वाचत गेली, देवाने मुलाची वाणी ऐकली. "थांब. रडली कोण?" आजींनी विचारलं. आई, नात म्हणाली. "आणि ऐकलं कोणाचं?" मुलाचं. आजी म्हणाल्या, "मग पोरगं पण रडत असणार, कोणी लिहिलं नाही तरी. त्याला ऐकू आलं." मी हा अध्याय निदान आठ-दहा वेळा वाचलेला, मला ते कधीच दिसलं नव्हतं. पहिल्या स्तोत्रात जो माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो त्या मननासाठी मूळ हिब्रू शब्द 'हागा', त्याचा अर्थ तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. यशयात तोच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. आपण मनन म्हटलं की डोळे मिटून शांत बसलेला माणूस समोर येतो, त्या शब्दाला दिसतो तो हाड धरून बसलेला, सोडायला तयार नसलेला प्राणी. आजी गुरगुरत होत्या, मी प्लॅन पूर्ण करत होतो.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. कोणी म्हणेल, वचनाने अडवलं पाहिजे म्हणता, पण कित्येक जण आधीच स्वतःला दोष देऊन देऊन मोडलेले असतात, लहानपणापासून वचनाच्या काठीने मार खाल्लेले असतात, त्यांना अजून काय अडवायचं? खरं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेखाचे उपयोग सांगितलेत, सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक, नीतिशिक्षण, आणि आपल्याकडे काही जणांनी त्यातला दुसरा तेवढा उचललाय, तोही शेजाऱ्यासाठी. पण अडवणं म्हणजे दरवेळी रागावणं असं कुठे आहे? जो स्वतःला कायम दोषीच धरून बसलाय त्याचं तेच मत वचन खोडून काढतं. योहानाच्या पहिल्या पत्रात सरळ आहे, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. उद्दामाला एक ओळ अडवते, खचलेल्याला दुसरी. म्हणून तर दोघांनाही अख्खं पुस्तक लागतं, आणि म्हणूनच शक्यतो एकट्याने वाचू नये, कारण आपल्याला कुठली ओळ हवी हे आपण स्वतः निवडायला बसलो की हमखास चुकीची निवडतो. रथात बसून यशया वाचणाऱ्या त्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारलं, वाचताय ते समजतंय का? तो एवढा मोठा राणीचा खजिनदार, पण म्हणाला, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार, आणि फिलिप्पाला वर शेजारी बसवून घेतलं.

दादाकडे मी गेलो, सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर लगेच गेलो असं नाही, तीन आठवडे घालवले. समेट अर्धाच झालाय, वाटणीचं अजून लटकलेलंच आहे, चहा मात्र प्यायलो. त्यानंतर मी अ‍ॅपमधला सलग दिवसांचा आकडा बंद केला, प्लॅन ठेवला. सध्या यिर्मयाच्या बत्तिसाव्यात आहे आणि तिथून हलताच येत नाहीये. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो माझं शेत विकत घे. शहर पडणार हे तोच इतकी वर्षं ओरडून सांगतोय, तरी तो सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदार ठेवतो, कागद मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, आणि हे सगळं झाल्यावर मग देवाला विचारतो की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, मला शेत का घ्यायला लावलंस? आधी पैसे दिले, मग विचारलं. भावाशी जमिनीचा व्यवहार असाही होऊ शकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वेळापत्रकाप्रमाणे मी आता मार्कात असायला हवं होतं.